मध, काकवी आणि पाक : कपाने मोजावे की काट्यावर?

केक, चिक्की किंवा गुलाबजाम नेहमी होतात त्या घरात मापाचे कप आणि चमचे बहुधा असतातच. मध, काकवी, मेपल सिरप अशा दाट गोड पदार्थांसाठी डिजिटल वजनकाटाही घ्यावा का, एवढाच प्रश्न उरतो. माझ्या मते घ्यावा, आणि त्याचे कारण या पदार्थांच्या घनतेत आहे.

पाणी १०० मिलिलिटर म्हणजे १०० ग्रॅम हा हिशेब जुळतो, म्हणून तोच सगळ्या द्रवांना लावला जातो. मध मात्र पाण्याच्या सुमारे १.४२ पट जड असतो, मेपल सिरप सुमारे १.३२ पट, आणि काकवी, ती किती आटवली आहे त्यानुसार, साधारण १.३ ते १.४ पट. मिलिलिटरला या आकड्याने गुणले की ग्रॅम मिळतात, ग्रॅमला भागले की मिलिलिटर. म्हणजे २४० मिलिलिटरच्या कपात सुमारे ३४० ग्रॅम मध मावतो. पाककृतीत कपभर मध सांगितलेला असताना कोणी काट्यावर २४० ग्रॅम घेतला, तर प्रत्यक्षात १७० मिलिलिटरच्या आसपासच मध पडतो. जवळजवळ तीस टक्क्यांची ही तूट केकच्या गोडीत जाणवते आणि ओलाव्यातही.

कपाने मोजणे झटपट होते, हे खरे. पण बाजारात २४० आणि २५० मिलिलिटर असे दोन्ही कप मिळतात, घरातल्या वाटीला तर ठरलेले मापच नसते, आणि दाट पदार्थ कपाच्या कडांना चिकटून राहतो तो वेगळाच. कपाला आतून तेलाचे बोट फिरवले तर मध बराचसा सुटून येतो. काट्यावर ही अडचण मुळातच येत नाही : मधाची बाटलीच काट्यावर ठेवावी, आकडा शून्यावर आणावा, बाटली उचलून पातेल्यात मध ओतावा आणि ती परत ठेवावी. काटा उणे ८५ दाखवू लागला, तर ८५ ग्रॅम मध पातेल्यात गेला. भांडे एकही खरकटे होत नाही.

साखरेच्या पाकासाठी काट्याचा उपयोग सर्वांत जास्त आहे. ‘एक वाटी साखर, एक वाटी पाणी’ हे प्रमाण ऐकायला समसमान वाटते, परंतु २४० मिलिलिटरच्या मापाने साखर सुमारे २०० ग्रॅम भरते आणि पाणी २४० ग्रॅम. शिवाय साखर विरघळल्यावर कमी जागा घेते, त्यामुळे अर्धा किलो साखर आणि अर्धा लिटर पाणी यांचा, उकळण्यापूर्वीचा, पाक लिटरभर न होता सुमारे ८१० मिलिलिटरच होतो. पुढे तो आटू लागला की घनता सतत वाढत जाते, आणि एकतारी किंवा दोनतारी पाकाला मिलिलिटरचा कोणताही एक आकडा लावून उपयोग होत नाही. उकळत्या पाकाची पातळी बुडबुड्यांमुळे नीट वाचताही येत नाही. याउलट पातेल्यासकट वजन २०० ग्रॅमने उतरले, तर २०० ग्रॅम पाणी उडाले हे निश्चित कळते, कारण साखर आहे तेवढीच राहते. अर्थात तार बोटांवर पाहायची ती पाहावीच.

चमचाभर मधासाठी मात्र काटा काढू नये. घरगुती काटे एकेक ग्रॅमच्या पायरीने वजन दाखवतात, त्यामुळे पाच-सात ग्रॅमवर एका ग्रॅमचा फरकही मोठा ठरतो. तिथे १५ मिलिलिटरचा मोठा चमचा, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम मध, किंवा ५ मिलिलिटरचा छोटा, म्हणजे सुमारे ७ ग्रॅम, हेच माप बरे.

खरेदी करतानाही हे गणित सोबत ठेवावे. काकवी कुठे लिटरने मिळते, कुठे किलोने, १.३५ घनता धरली तर लिटरची बाटली सुमारे १,३५० ग्रॅमची होते, म्हणून लिटरच्या भावाला १.३५ ने भागून मगच तो किलोच्या भावाशी ताडून पाहावा.