स्ट्रॅट घ्यावी की लेस पॉल? क्लॅप्टनने दोन्ही वाजवल्या

पहिली इलेक्ट्रिक गिटार घ्यायची ठरली की गाडी फिरून फिरून एकाच प्रश्नावर येते: फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची घ्यायची की गिब्सनच्या लेस पॉलच्या? दोन्ही बाजूंचे भक्त वर्षानुवर्षं भांडतायत आणि त्यातून नवख्याच्या हाती काही लागत नाही. अशा वेळी इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन कामाला येतो. त्याने आधी लेस पॉल अशी वाजवली की कंपनीने बनवणं बंद केलेल्या त्या गिटारीसाठी लोक जुन्या बाजारात शोधाशोध करू लागले. मग काही वर्षांतच तो स्ट्रॅटकडे गेला आणि तिथेच रमला. बोटं तीच, वाद्यं दोन. तुलनेला एवढं पुरे.

माणसाबद्दल थोडक्यात. जन्म ३० मार्च १९४५, इंग्लंडमधल्या सरे परगण्यातलं रिप्ली गाव. आई सोळा वर्षांची, वडील युद्धासाठी आलेला कॅनडाचा सैनिक. पोरगा आजी-आजोबांनाच आई-बाप समजत वाढला. तेराव्या वर्षी होयर कंपनीची जर्मन अकूस्टिक मिळाली. तिच्या स्टीलच्या तारा दाबता दाबता जीव मेटाकुटीला यायचा, म्हणून त्याने ती काही काळ सोडूनच दिली. पहिली गिटार वाजवायला जड असेल तर क्लॅप्टनसुद्धा कंटाळतो, हे दुकानात जाताना लक्षात ठेवा. १९६३ मध्ये तो यार्डबर्ड्समध्ये आला. बँड पॉपकडे झुकतोय म्हणून १९६५ मध्ये त्यातून बाहेर पडला आणि जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समध्ये, म्हणजे ब्लूज (अमेरिकी कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणाऱ्या बँडमध्ये गेला. आपली तुलना इथून सुरू होते.

लेस पॉलचा क्लॅप्टन

मेयॉलबरोबरचा अल्बम १९६६ च्या जुलैमध्ये आला. मुखपृष्ठावर क्लॅप्टन 'बीनो' हे मुलांचं कॉमिक वाचत बसलाय, म्हणून त्याला आजही 'बीनो अल्बम' म्हणतात आणि त्यातल्या लेस पॉलला 'बीनो बर्स्ट'. गिब्सनने या घाटाची लेस पॉल काही वर्षांपूर्वीच बंद करून पातळ, दोन शिंगांचं मॉडेल आणलं होतं, त्यामुळे क्लॅप्टनची गिटार जुनी, वापरलेलीच होती. जोडीला मार्शलचा दोन स्पीकरचा कॉम्बो ॲम्प, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत. डेक्का या रेकॉर्ड कंपनीच्या वेस्ट हॅम्पस्टेडच्या स्टुडिओत त्याने तो मैफलीत वाजवावा तेवढ्या मोठ्या आवाजात लावला. इंजिनियर गस डजन हैराण झाला, कारण स्टुडिओत इतक्या जोरात वाजवायची तेव्हा पद्धतच नव्हती. क्लॅप्टनने आवाज कमी करायला नकार दिला.

त्या हट्टामागे विज्ञान आहे. तारेचं कंपन टिपून विजेचा सिग्नल करतो तो पिकअप. लेस पॉलच्या हंबकर जातीच्या पिकअपमध्ये दोन कॉइल्स उलटसुलट जोडलेल्या असतात. बाहेरून येणारी विजेची गुणगुण दोन्हींमध्ये शिरते आणि एकमेकांना मारते, तारेचा सिग्नल मात्र दोन्हींचा मिळून जास्त ताकदीचा होतो. हा सिग्नल व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पमध्ये गेला आणि ॲम्प कडेपर्यंत उघडा असला की व्हॉल्व्ह तुडुंब भरतात. आवाज फाटतो, पण गोड फाटतो, आणि सूर लवकर विरत नाही. ब्लूजमध्ये तार वर ओढून सूर चढवायचा, म्हणजे आपल्या सतारीवरच्या मींडेसारखाच प्रकार. तो सूर तीन-चार सेकंद टिकला तरच त्या ओढण्याला अर्थ. जाडजूड महॉगनीचं लाकूड, वर मेपलचा थर, बॉडीला चिकटवून बसवलेली नेक (मान) आणि वर हंबकर, हे सगळं मिळून सूर तगतो.

ती गिटार १९६६ मध्येच क्रीम या नव्या बँडच्या तालमींच्या दिवसांत चोरीला गेली. क्रीममध्ये त्याने मुख्यतः रंगवलेली एसजी (वरचं दोन शिंगांचं मॉडेल) वाजवली आणि शेवटी शेवटी ३३५ हे मॉडेल. दोन्ही गिब्सनच आणि दोन्हींत हंबकरच, म्हणजे घराणं तेच. याच काळातला त्याचा 'वूमन टोन' करायला सोपा आहे: नेकजवळचा पिकअप निवडा, टोनचा नॉब जवळजवळ शून्यावर आणा, ॲम्प खच्चून वाढवा. बासरी आणि मानवी आवाज यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं. बीटल्सच्या 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'मधला सोलोही त्याचाच, सप्टेंबर १९६८ चा, आणि तोही लाल लेस पॉलवर. ती त्याने थोड्याच दिवसांपूर्वी बीटल्सच्याच जॉर्ज हॅरिसनला भेट दिली होती.

१९६८ मध्ये गिब्सनने लेस पॉल पुन्हा बाजारात आणली. इंग्लंडमधल्या ब्लूज पोरांची मागणी हे त्यामागचं एक मोठं कारण, आणि त्या मागणीच्या मुळाशी हा अल्बम होता.

स्ट्रॅटचा क्लॅप्टन

मग त्याने लेस पॉल सोडली कशामुळे? इंग्लिश गायक-वादक स्टीव्ह विनवूडच्या हातात पांढऱ्या नेकची स्ट्रॅट दिसली आणि मोह झाला, हे त्याने सांगितलंय. बडी गायसारखे ब्लूजवाले तर ती आधीपासून वाजवतच होते. मला यापलीकडचं कारण दिसतं: क्रीमच्या गोंगाटाला तो कंटाळला होता, त्याला गायचं होतं, आणि गाणाऱ्याच्या मागे हंबकरची भिंत उभी राहिली की शब्द बुडतात. स्ट्रॅटचे तीन सिंगल कॉइल (एकाच कॉइलचे) पिकअप बारीक, टोकदार, मोकळे वाजतात. बोट जरा हलकं पडलं तर तेही ऐकू येतं.

१९७० मध्ये 'लेला' या गाण्याचा अल्बम मायामीत रेकॉर्ड झाला तेव्हा हातात 'ब्राउनी' ही १९५६ ची तपकिरी स्ट्रॅट होती आणि समोर फेंडरचा चँप, म्हणजे पाच वॅटचा, आठ इंची एका स्पीकरचा, खरं तर विद्यार्थ्यांसाठी बनवलेला ॲम्प. चार वर्षांपूर्वी स्टुडिओ हादरवणारा माणूस आता मांडीवर मावेल अशा डब्यातून वाजवत होता.

त्याच वर्षी नॅशव्हिलच्या शो-बड दुकानात जुन्या स्ट्रॅट पडून होत्या. कोणाला नको होत्या, म्हणून स्वस्त. क्लॅप्टनने सहा उचलल्या. एक हॅरिसनला, एक 'द हू' बँडच्या पीट टाउनशेंडला, एक विनवूडला दिली. उरलेल्या तिघींचे बरे बरे भाग काढून एक गिटार जुळवली, ती 'ब्लॅकी'. हे जमलं, कारण स्ट्रॅटची नेक चार स्क्रूंवर बसते आणि पिकअप एका प्लास्टिकच्या पट्टीवर. लियो फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्तीवाला, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने वाद्यही दुरुस्तीवाल्याच्या डोक्यानेच बनवलं. लेस पॉलबाबत असला उद्योग सुतारकाम येत असेल तरच करावा.

१९७३ च्या जानेवारीत रेनबो थिएटरमधल्या मैफलीत ब्लॅकी लोकांसमोर आली आणि १९८५ पर्यंत तीच त्याची मुख्य गिटार राहिली. तोवर नेक घासून घासून अरुंद झाली होती. २००४ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. पैसे त्याने अँटिग्वा बेटावर काढलेल्या व्यसनमुक्ती केंद्राला दिले. हेरॉइन आणि दारू, दोन्हींतून तो स्वतः गेलेला. दारूच्याच काळात, १९७६ मध्ये, बर्मिंगहॅमच्या मंचावरून त्याने स्थलांतरितांविरुद्ध जे गरळ ओकलं तेही नोंदवायला हवं, आपल्या लोकांना तर जास्तच. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहायला ते निमित्त ठरलं.

आता सगळ्यात बोलका तपशील. १९८८ मध्ये फेंडरने क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅट काढली. तिच्या पोटात नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक सर्किट आहे. नॉब फिरवला की मधले सूर २५ डेसिबलपर्यंत फुगतात आणि सिंगल कॉइलचा बारीक आवाज हंबकरच्या अंगाने जाडा होतो. म्हणजे हातातल्या स्ट्रॅटवर जीव जडला, तरी लेस पॉलचा आवाज कानातून गेला नव्हता. आणि स्ट्रॅटचा झुलता ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो, दांडीने हलवून सूर खालीवर करायचा भाग? तो त्याने मागून लाकडाचा ठोकळा लावून, पाचही स्प्रिंगा ताणून कायमचा जाम करून टाकला.

हातात घेतल्यावर

स्ट्रॅटचं वजन साधारण साडेतीन किलो. पोटाकडची आणि हाताखालची कड तासलेली, त्यामुळे पलंगावर बसूनही तासभर वाजवता येते. लेस पॉल चार-साडेचार किलोची. उभं राहून सराव करणार असाल तर पट्टा रुंद घ्या, खांदा बोलायला लागतो.

तारेची वाजती लांबी स्ट्रॅटची साडेपंचवीस इंच, लेस पॉलची पावणेपंचवीस. पाऊण इंच ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्याच जाडीच्या तारा लेस पॉलवर मऊ लागतात, बेंड (तार ओढून चढवलेला सूर) सहज चढतो, लहान पंजालाही फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जवळ पडतात. इथे लेस पॉल सरळ जिंकते. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅटचा फिंगरबोर्ड (बोटांनी तार दाबतो ती पट्टी) जास्त गोलाकार असतो; त्यावर पातळ तार मोठ्या बेंडला फ्रेटवर घासून सूर मध्येच मरतो. हल्लीच्या बहुतेक मॉडेल्समध्ये तो बराच सपाट असतो, तरी दुकानात बाराव्या फ्रेटच्या पुढे पूर्ण सूर चढवून बघाच.

लेस पॉलचं दुखणं तिच्या डोक्यात आहे. हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) मागे कललेला, लाकूड महॉगनी. स्टँडवरून पाठीवर पडली की मान हमखास तिथेच तुटते. घरात लहान पोरं, मांजर, झाडू मारणारे हात असतील तर विचार करा. स्ट्रॅट पडली तर रंग उडतो आणि बहुधा तेवढंच.

स्ट्रॅटचं दुखणं म्हणजे गुणगुण. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर, सगळे तिच्यातून बोलतात. जागेवर थोडं वळून बसलं की आवाज कमी होतो. पिकअप निवडायच्या पाच टप्प्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी बहुतेक नव्या स्ट्रॅट जवळजवळ गप्प असतात.

ॲम्प, म्हणजे अर्धी गिटार

'बीनो'चा आवाज हवा म्हणून लेस पॉल घेतली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये छोट्या ॲम्पवर हळू वाजवली, तर तो आवाज निघणार नाही. त्यातला निम्मा तरी कडेपर्यंत उघडलेल्या मार्शलचा होता. उलट 'लेला' छोट्या ॲम्पचीच करामत आहे. अर्थात पाच वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पही पूर्ण उघडला तर सोसायटीचे सेक्रेटरी वर येतात. हेडफोनची सोय असलेला डिजिटल सराव-ॲम्प घेणंच शहाणपणाचं. त्यात मार्शल आणि फेंडर दोन्हींच्या बऱ्यापैकी नकला असतात. सगळं बजेट गिटारीवर उडवू नका.

मग कोणी काय घ्यावं

अस्सल गिब्सन लेस पॉल स्टँडर्ड लाखांत जाते, म्हणून पहिल्या खरेदीत तुलना खरी होते ती फेंडरच्या स्क्वायरची आणि गिब्सनच्या एपिफोनची, म्हणजे त्यांच्या स्वस्त ब्रँडांची. माझं मत स्ट्रॅटच्या बाजूने आहे. हलकी, दणकट, सुटे भाग कुठेही मिळणारे, आणि चूक झाकत नाही म्हणून हात लवकर सुधारतो. ज्याला फक्त १९६६ ते ६८ चा क्लॅप्टन ऐकू येतो, जाड फाटलेला आवाजच हवाय, त्याने मात्र एपिफोन घ्यावी. स्ट्रॅट घेऊन वर्षभर कुढण्यात अर्थ नाही. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा असेल तर ब्रिजपाशी हंबकर बसवलेली स्ट्रॅट मिळते. तडजोड आहे, पण वाईट नाही.

स्ट्रॅट घेतलीत तर ट्रेमोलो बॉडीला टेकवून, मागच्या स्प्रिंगा घट्ट करून दुकानातूनच सेटअप करून आणा, म्हणजे दर पाच मिनिटांनी तारा लावाव्या लागणार नाहीत. लेस पॉल घेतलीत तर पाऊच घेऊ नका, कडक केसचे पैसे मोजा. आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर दोन्हींसाठी तारांचा एक जादा सेट पावसाळ्याआधीच आणून ठेवा. जून-जुलैत त्या बघता बघता गंजतात.