एफेससच्या पार्किंगमधलं 'प्राचीन' नाणं

तुर्कस्तानच्या सहलीला जाणार असाल तर हे आधी वाचा. एफेसस या प्राचीन ग्रीक शहराचे अवशेष बघून खालच्या दरवाज्याने बाहेर पडलं की दुकानांची रांगच लागते. 'अस्सल नकली घड्याळं' अशी पाटी लावून माल विकणारेही तिथे आहेत. त्यांच्याबद्दल तक्रार नाही, निदान खरं बोलतात. आम्हाला गंडवलं ते दुकान नसलेल्या एका माणसाने.

बस सुटायला पाच-दहा मिनिटं उरली होती. शेतकऱ्यासारखा दिसणारा एक म्हातारा काकांजवळ आला, इकडेतिकडे पाहिलं आणि रुमाल उघडला. आत मातीने माखलेलं चांदीसारखं नाणं. एका बाजूला पंख पसरलेली मधमाशी, तिच्या दोन्ही अंगांना एप्सिलॉन आणि फाय ही एफेससची ग्रीक आद्याक्षरं. मागे खांबांचं देऊळ आणि मधोमध आर्टेमिस या ग्रीक देवीची मूर्ती. "शेतात सापडलं. पोलीस, पोलीस!" असं कुजबुजत त्याने लिलावाच्या कॅटलॉगचा चुरगळलेला कागद दाखवला. फोटोतली मधमाशी हुबेहूब तीच. शेजारच्या फोटोवर मात्र त्याचा अंगठा होता.

"काका, राहू द्या," मी म्हटलं. "अरे गप, बँकेत जन्म गेला माझा, नाणं कळतं मला!" दोनशे युरोवरून घासाघीस होऊन सत्तरला सौदा पटला. म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसहा हजार रुपयांच्या आसपास. त्यातले तीस माझ्या खिशातले.

पुण्यात एका जुन्या नाणेसंग्राहकाला दाखवलं. त्यांनी भिंगसुद्धा काढलं नाही. नाणं उलटं केलं आणि हसले.

मधमाशी खरीच एफेससची. आर्टेमिस तिथली ग्रामदेवताच म्हणा ना, आणि तिच्या मूर्तीच्या वस्त्रावरही मधमाश्या कोरलेल्या आहेत. पण इ.स.पू. चौथ्या शतकातल्या चार द्राख्मांच्या (द्राख्मा म्हणजे तेव्हाचं ग्रीक चलन) चांदीच्या नाण्यावर मधमाशीच्या मागे असतं ते मान वळवून बघणारं अर्धं हरीण आणि खजुराचं झाड. शिवाय एका अधिकाऱ्याचं नाव. हरीण आर्टेमिसचं, आणि तिच्या जन्माच्या वेळी आईने खजुराला धरलं होतं अशी कथा आहे. देवळाची नाणी आली रोमन अमलात, चारेकशे वर्षांनी, आणि त्यांच्या दर्शनी बाजूला बहुधा सम्राटाचा चेहरा. त्या काळात 'देवळाचा राखणदार' ही पदवी म्हणजे शहराची शान होती. पदवीसाठी शेजारची शहरंही चुरशीने भांडत. आमच्या नाण्यावर दोन्ही काळ एकमेकांना पाठ लावून बसले होते! पर्यटकाला मधमाशीही हवी असते आणि देऊळही, म्हणून साच्यात दोन्ही घातलेले. अंगठ्याखाली काय होतं ते आत्ता कळलं: हरीण.

बाकीचं मग फटाफट उलगडलं. अस्सल नाणं पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतं, आमचं सोनाराच्या काट्यावर साडेनऊ. कडेला सगळीकडून बारीक रेघ, म्हणजे दोन साचे जोडून ओतलेलं. त्या काळी तापलेल्या चकतीवर ठशाचा घाव घालून नाणं पाडत, त्यात अशी रेघ येत नाही. माती कोमट पाण्यात दोन मिनिटांत विरघळली. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका. चांदी त्याला चिकटत नाही आणि नकली नाण्यांचा जस्ताचा मिश्रधातूही नाही.

आणि समजा, नाणं खरं निघालं असतं तर? तुर्कस्तानच्या १९८३च्या कायद्याने पुरावस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, शिक्षा ५ ते १२ वर्षं कैद. विमानतळावर सामान उघडून बघतात. त्या 'पोलीस, पोलीस'मधली मेख हीच. घाबरलेला माणूस गाइडला विचारत नाही, पावती मागत नाही, फसल्यावर तक्रारही करत नाही. काकांनी ते नाणं परतीच्या प्रवासात मोज्यात लपवलं होतं, हे मला पुण्यात आल्यावर कळलं.

नाणं आवडलंच तर दुकानातून प्रतिकृती म्हणून घ्या, पावतीसकट, आणि पावती नाण्यासोबतच ठेवा. रुमालवाला जवळ आला तर हात खिशात ठेवा. नाणं एकदा तळहातावर टेकलं की तो परत घेत नाही, नुसता भाव उतरवत बसच्या पायरीपर्यंत मागे येतो.