ऑनलाइन सेलर्सचा ग्रुप सुरू करताय? आमच्या ग्रुपमध्ये काय झालं ते आधी वाचा

आमच्या ग्रुपमधल्या सात जणांचे पैसे गेले, एका ताईंचं सेलर अकाउंट कायमचं बंद झालं, आणि ज्या माणसाने हे केलं त्याला ग्रुपमध्ये मी आणलं होतं. सगळ्यांशी ओळख मीच करून दिली होती. म्हणून लिहितेय. तुम्ही तुमच्याकडे असा ग्रुप सुरू करायच्या विचारात असाल तर जरूर करा, पण हे पूर्ण वाचा.

ग्रुप का काढला ते आधी सांगते. मार्केटप्लेसवर, म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवर, विकणारा माणूस फार एकटा असतो हो. लिस्टिंग, म्हणजे साइटवरचं आपल्या मालाचं पान, अचानक गायब होतं, पेमेंट होल्डवर जातं, कस्टमर वापरलेला नाहीतर भलताच माल रिटर्न पाठवतो आणि रिफंड घेऊन मोकळा होतो, सपोर्टला लिहिलं की तेच छापील उत्तर येतं, आणि घरच्यांना सांगून त्यांना यातलं काही कळत नाही. म्हणून म्हटलं जवळपासचे आपण सगळे महिन्यातून एकदा समोरासमोर बसू. अकरा जण जमलो. पहिल्या दोन मीटिंग खरंच छान झाल्या. एका काकांना शिपिंगचा चार्ज दर वेळी जास्त का लागतो ते कळत नव्हतं, माल तर हलका. मग दुसऱ्या एकाने सांगितलं की बरेच कुरिअरवाले बॉक्सची लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात, त्याला ५००० ने भागतात, आणि ते वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त आलं तर त्यावर पैसे लावतात. काकांचा बॉक्सच गरजेपेक्षा मोठा होता. बॉक्स बदलला, प्रश्न मिटला. वर्षभर ज्याचा त्रास होता ते पाच मिनिटात सुटलं. मला अजूनही वाटतं की ग्रुप हवाच, तो याच्यासाठी.

तिसऱ्या मीटिंगला तो आला. सेलर्सच्या एका मोठ्या चॅट ग्रुपमध्ये मी काहीतरी विचारलं होतं, त्याचं उत्तर त्याने इतकं नीट दिलं की मी स्वतःहून त्याला मेसेज केला. म्हणाला आधी मार्केटप्लेसच्या अकाउंट टीममध्येच कामाला होतो, आता लोकांना मदत करतो. मी काही विचारलं नाही, कुठे, कधी, कोणाबरोबर, काहीच नाही. मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की हे सर आतले आहेत, यांना सगळं माहिती आहे. माझं हे एक वाक्य सगळ्यांनी गृहीत धरलं. नंतर प्रत्येकाने मला तेच सांगितलं, तुम्ही ओळखता म्हणून आम्ही विचारलं नाही.

त्याच सुमारास एका ताईंचं अकाउंट सस्पेंड झालं. सरांनी त्यांचं अपील लिहून दिलं, पाच दिवसात अकाउंट परत सुरू. तो म्हणाला आतमध्ये बोललोय. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यात तो देव झाला. आता मला माहिती आहे की अपीलमध्ये चूक कशामुळे झाली, लगेच काय दुरुस्त केलं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, एवढं पुराव्यासकट नीट लिहिलं तर बरीच अकाउंट कोणाच्याही ओळखीशिवाय परत येतात. आणि आत ओळख आहे म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय नाहीतर खरंच गुन्हा करतोय. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत सिएटलला सहा जणांवर याच प्रकारचा फेडरल खटला दाखल झाला, अ‍ॅमेझॉनच्या कर्मचाऱ्यांना आणि कॉन्ट्रॅक्टर्सना लाच देऊन सेलर्सची बंद अकाउंट आणि लिस्टिंग चालू करून घेतल्याचा आरोप होता. हे मी सगळं झाल्यावर वाचलं.

मग तो म्हणाला की सगळ्यांच्या अकाउंटचं एकदा ऑडिट करून देतो, फुकट. मीटिंगला स्वतःचा लॅपटॉप घेऊन आला, आम्ही एकेक करून त्याच्या लॅपटॉपवर लॉगिन केलं, ओटीपी सांगितले. सहा जणांनी. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह झाले असतील हे तर आहेच, पण दुसरी गोष्ट आमच्यापैकी एकालाही माहिती नव्हती. मार्केटप्लेस कोणतं अकाउंट कोणत्या मशीनवरून, कोणत्या इंटरनेटवरून, कोणत्या बँक अकाउंटवर चालतं ते बघत असतं. एकाच लॅपटॉपवर सहा अकाउंट उघडली की सिस्टमला ती एकाच माणसाची वाटू शकतात, आणि मग एकावर कारवाई झाली की बाकीचीही ओढली जातात. हे पुढे आमच्या बाबतीत झालं.

आता पैशाचं. तो म्हणाला तुम्ही प्रत्येक जण थोडा थोडा माल घेता म्हणून रेट मिळत नाही, एकत्र घ्या. आयडिया चुकीची नाही, म्हणूनच तर पटली. पहिला लॉट छोटा होता. सांगितलेल्या दिवशी आला, माल चांगला, सोबत इनव्हॉइस. आमचा विश्वास पक्का झाला, आणि तो लॉट त्याने बहुतेक त्याचसाठी वेळेवर पाठवला होता. दुसऱ्या लॉटसाठी एका संध्याकाळी फोन आला की सप्लायरकडे मोठा स्टॉक निघालाय, रात्रीपर्यंतच रेट आहे, उद्या दुसरं कोणीतरी उचलेल. सात जणांनी पैसे ट्रान्सफर केले. अकाउंट सप्लायरच्या नावाचं नव्हतं, कुणा व्यक्तीच्या नावाचं होतं. एका दादांनी विचारलंही, तर म्हणाला फर्मचं अकाउंट बदलायचं काम चालू आहे, तोपर्यंत मालकाचं पर्सनल वापरतोय. आणि ग्रुपवर त्या दादांना मीच लिहिलं की सरांवर शंका घेऊ नका. तो मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

माल आला नाही. पहिल्या दिवशी ट्रक लेट, दुसऱ्या दिवशी कागदपत्रं अडकली, तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी आजारी. चौथ्या दिवशी फोन बंद. हे चार दिवस मला सगळ्यात जास्त सलतात. मला दुसऱ्याच दिवशी आतून वाटत होतं की काहीतरी चुकतंय, पण उगाच संशय घेतला आणि माणूस दुखावला तर, ग्रुपला मदत करणारा माणूस गेला तर, म्हणून मी गप्प बसले आणि बाकीच्यांनाही थांबवलं. कार्डने पैसे भरले असते तर बँकेकडे निदान डिस्प्यूट टाकता आला असता, पण आपण स्वतः केलेल्या ट्रान्सफरमध्ये तो मार्ग नसतो, पैसे समोरच्या अकाउंटमध्ये असतील तोवरच बँक ते रोखू शकते, त्यामुळे तिथे एकेक तास महत्त्वाचा. आम्ही पाचव्या दिवशी बँकेत गेलो तेव्हा ते अकाउंट रिकामं होतं. सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे, स्क्रीनशॉट, चॅट, पावत्या सगळं दिलंय.

पैसे गेले हे एक, पण त्याहून वाईट नंतर झालं. ज्या ताईंचं अकाउंट त्याने परत आणलं होतं त्यांच्याकडे मार्केटप्लेसने पहिल्या लॉटमधल्या मालाचं इनव्हॉइस मागितलं, माल ओरिजिनल आहे ना ते बघायला. त्यांनी प्रामाणिकपणे त्याने दिलेलं इनव्हॉइस अपलोड केलं. ते खोटं निघालं. त्यावरच्या टॅक्स नंबरची फर्मच अस्तित्वात नाही. इनव्हॉइस नसतं तर कदाचित नुसतं लिस्टिंग गेलं असतं, पण बनावट कागद दिल्याचा ठपका लागला की अपील जवळजवळ कोणी ऐकत नाही. अकाउंट कायमचं बंद, आतलं पेमेंट होल्डवर. आणि त्या लॅपटॉपमुळे जोडली गेलेली आणखी दोन अकाउंट आठवड्याभरात सस्पेंड झाली. ती दोन परत मिळाली, पण आम्ही वेगवेगळे लोक आहोत हे पटवण्यात दीड महिना गेला, आणि ऐन सीझन होता. ताईंचं मिळालं नाही. त्यांचं घर त्याच्यावर चालत होतं.

यावर कळस म्हणजे मग एका दुसऱ्याच नंबरवरून फोन यायला लागले की तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो, आधी थोडी फी भरा. ग्रुपमधल्या एकाने भरली. एकदा फसलेल्या माणसाचा नंबर पुढे विकला जातो, तेव्हा असा फोन आला तर लगेच ठेवून द्या.

ईबे ही ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट १९९५ मध्ये सुरू झाली आणि १९९६ मध्येच त्यांनी फीडबॅक, म्हणजे व्यवहार झाल्यावर एकमेकांना रेटिंग देणं, आणला, कारण अनोळखी माणसाशी व्यवहार करायचा तर त्याचे मागचे व्यवहार दिसायला हवेत. आपण सगळे तेव्हापासून याच रेटिंगवर जगतोय. आणि आम्ही अकरा जणांनी या माणसाचा मागचा एकही व्यवहार बघितला नव्हता, बघितला तो फक्त माझा शब्द. अमेरिकेतलं शेअर बाजारावर लक्ष ठेवणारं सिक्युरिटीज अँड एक्सचेंज कमिशन गुंतवणूकदारांना ज्या अ‍ॅफिनिटी फ्रॉडबद्दल सावध करतं तो हाच प्रकार. एखाद्या गटात शिरायचं, गटातल्या मानाच्या माणसाला आधी पटवायचं, पुढचं काम तो माणूस नकळत करतो. आमच्याकडे तो माणूस मी होते.

ग्रुप बंद केला नाही. ताईच म्हणाल्या बंद करू नका. पण आता ग्रुपमध्ये पैसा गोळा होत नाही, कितीही चांगली ऑफर असली तरी. एकत्र माल घ्यायचा असेल तर सप्लायरला दोघांनी जाऊन भेटायचं, टॅक्स नंबर सरकारी साइटवर तपासायचा, आणि प्रत्येकाने आपापलं इनव्हॉइस आपल्या नावाने घेऊन फर्मच्याच अकाउंटवर पैसे भरायचे. लॉगिन कोणीही कोणाच्या मशीनवर करायचं नाही, कोणाला काही दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉट. मदतनीसाला अ‍ॅक्सेस द्यायचीच वेळ आली तर वेगळा युजर बनवून फक्त तेवढ्या कामाची परमिशन, आणि बँक डिटेल्सची कधीच नाही. नवीन माणूस आला की मी आता ओळख करून देत नाही, तो स्वतः सांगतो, आणि लोक प्रश्न विचारतात. पहिल्यांदा सगळ्यांना अवघड वाटलं. जे खरे सेलर होते त्यांना प्रश्नांचं काही वाटलं नाही.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या शहरातल्या एका सेलर ग्रुपच्या बाईंचा मेसेज आला, त्यांनी एक इनव्हॉइसचा फोटो पाठवून विचारलं हे बघता का. फर्मचं नाव वेगळं होतं, पण फॉरमॅट तोच, आणि पत्त्याच्या ओळीत स्पेलिंगची चूक तीच. त्यांचाही पहिला लॉट वेळेवर आला होता. दुसऱ्याचे पैसे त्या रात्री जाणार होते. मी लगेच फोन केला, तर त्या म्हणाल्या पण सरांना काय सांगू, त्यांना वाईट वाटेल. मी त्यांना आमचे चार दिवस सांगितले.