मॅकिंटॉश एसई/30 साठीचा कपॅसिटर संच: सुटे भाग उत्तम, सूचनापत्रक अपुरे

ॲपलने जानेवारी 1989 मध्ये बाजारात आणलेला आणि 1991 च्या ऑक्टोबरमध्ये बंद केलेला मॅकिंटॉश एसई/30 हा मला त्या काळातील सर्वांत सुघड संगणक वाटतो. नऊ इंची कृष्णधवल पडद्याच्या लहानशा पेटीत मोटोरोलाचा 68030 प्रोसेसर, त्याच्या जोडीला गणितासाठी वेगळा 68882, आणि 128 मेगाबाइटपर्यंत वाढवता येणारी मेमरी, एवढे सगळे त्या वर्षी दुसऱ्या कोणत्याही इतक्या लहान मॅकमध्ये नव्हते. न्यू जर्सीत एका घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत मला असा एक संगणक मिळाला. त्याची दुखणी दोन होती. काही दिवशी तो व्यवस्थित सुरू होई, पण सुरुवातीचा नाद मुळीच ऐकू येत नसे. काही दिवशी पडद्यावर केवळ आडव्या पट्ट्या दिसत आणि पुढे काहीच घडत नसे. या दुरुस्तीसाठी मी कपॅसिटरांचा (वीज साठवून तिचा दाब स्थिर ठेवणाऱ्या लहान भागांचा) एक तयार संच मागवला, त्याचे हे परीक्षण आहे. असे संच अनेक लहान विक्रेते विकतात आणि त्यांची रचना जवळपास सारखीच असते, म्हणून विक्रेत्याचे नाव येथे देत नाही.

टपालखर्च धरून 19 डॉलरला मिळालेल्या या संचात 47 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचे दहा आणि 1 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा एक असे लॉजिक बोर्डाच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट-बोर्डाच्या) पृष्ठभागावर बसणारे अकरा टँटलम (या धातूचे) कपॅसिटर आहेत, आणि आडव्या बसणाऱ्या दोन मोठ्या कपॅसिटरांसाठी वेगळे पर्याय दिलेले आहेत. प्रत्येक मूल्याची पुडी वेगळी असून तिच्यावर बोर्डावरील क्रमांक छापलेले आहेत. मी सर्व नग मीटरवर तपासले आणि एकाचेही मूल्य मर्यादेबाहेर आढळले नाही. मूळ कपॅसिटरांच्या ॲल्युमिनियमच्या डब्यांमध्ये द्रव असतो आणि तीस-पस्तीस वर्षांनी तो बुडाच्या रबरी बुचाजवळून झिरपू लागतो; टँटलममध्ये द्रवच नसल्यामुळे हा धोका कायमचा टळतो. त्या काळातील इतर अनेक संगणकांच्या बोर्डांवरही हेच घडते, त्यामुळे याला एखाद्या कंपनीची चूक म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

सूचनापत्रकाबद्दल माझी तक्रार येथूनच सुरू होते. ते थेट ‘जुने कपॅसिटर काढा’ या वाक्याने सुरू होते. माझ्या मते सोल्डरिंग आयर्न गरम करण्यापूर्वी निदानाला एक पूर्ण संध्याकाळ द्यायला हवी. संगणकाच्या मागे बाहेरच्या फ्लॉपी ड्राइव्हसाठी जो 19 पिनांचा जोड आहे, त्याच्या सहाव्या पिनेवर 5 व्होल्ट आणि सातव्या-आठव्या पिनांवर 12 व्होल्ट मिळतात, म्हणजे पेटी न उघडताही वीजपुरवठा मोजता येतो. पाच व्होल्टचा दाब लक्षणीय कमी भरत असेल, तर दोष लॉजिक बोर्डाचा नसून वीजपुरवठ्याचा असण्याची शक्यता मोठी, आणि तेव्हा हा संच कितीही चांगला असला तरी उपयोगाचा नाही. माझ्याकडे दोन्ही दाब योग्य होते.

त्यानंतर लक्षणांचा अर्थ लावायचा. एसई/30 मध्ये चित्रासाठी स्वतंत्र मेमरी आणि स्वतंत्र सर्किट आहे. प्रोसेसर झोपलेला असला तरी ते सर्किट आपले काम करत राहते आणि त्या मेमरीत वीज येताच जे काही विस्कळीत भरलेले असेल ते पडद्यावर दाखवते. आडव्या पट्ट्या म्हणजे हेच. पट्ट्या दिसत असतील तर पडदा शाबूत आहे आणि प्रोसेसरने रॉममधील (कायमस्वरूपी मेमरीतील) पहिल्या सूचना नीट वाचलेल्या नाहीत, असे समजावे. अशा वेळी आधी रॉमची पट्टी आणि मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, चार सारख्या पट्ट्यांचा एकच गट पहिल्या रांगेत बसवावा आणि पुन्हा सुरू करून पाहावे. चित्र येते, डिस्कवरून प्रणालीही सुरू होते, पण आवाज नाही, हा प्रकार अगदी वेगळा: तेथे प्रोसेसर, रॉम आणि मेमरी निर्दोष आहेत आणि शोध ध्वनीच्या वाटेपुरता मर्यादित होतो. ही वाट ॲपलच्या ध्वनी आयसीपासून (चिपपासून) निघते, सोनीच्या दोन लहान आयसींमधून जाते आणि स्पीकरपर्यंत पोहोचते. झिरपणारे कपॅसिटर नेमके या आयसींच्या शेजारी आहेत. एवढे दोन परिच्छेद पत्रकात असते, तर नवख्या माणसाचे कितीतरी कष्ट वाचले असते.

पेटी उघडण्यासाठी टी-15 आकाराचा लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर लागतो, कारण दोन स्क्रू मुठीच्या खाचेत खोल बसवलेले आहेत. आत चित्रनळीवर हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो आणि तिची काचेची मान बोर्डाच्या अगदी जवळ येते, म्हणून बोर्ड वर सरकवून काढताना दुसरा हात त्या मानेपासून दूर ठेवावा. घड्याळासाठी असलेली 3.6 व्होल्टची लिथियम बॅटरी प्रथम काढून टाकावी. ती फुटली तर अर्धा बोर्ड खाऊन टाकते, आणि तिच्यावाचूनही हा संगणक सुरू होतो.

पहिल्या कपॅसिटरला उष्णता देताच सुकट भाजल्यासारखा वास खोलीभर पसरला. माझे बालपण रत्नागिरीत गेले असल्यामुळे हा वास मला परका नाही, पण सोल्डरिंगच्या टेबलावर तो येणे म्हणजे आतला द्रव बोर्डावर सांडल्याची खात्रीच. त्या द्रवाने जुने सोल्डर (भाग बोर्डाला जोडणारा मिश्रधातू) करडे आणि निस्तेज झाले होते, आणि ते एरवीच्या तापमानाला वितळेना. तेथे घाई केली तर बोर्डावरील तांब्याचा पॅडच उचकटून येतो. भरपूर फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा पदार्थ) आणि थोडे ताजे शिसेयुक्त सोल्डर आधी मिसळले की काम सोपे होते. कपॅसिटर पक्कडीने पिळून काढण्याची पद्धत मी वापरली नाही आणि कोणी वापरावी असे मला वाटत नाही. सगळे नग निघाल्यावर अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो भाग तीन वेळा धुतला, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन दोन दिवस पूर्ण वाळू दिला.

नवे कपॅसिटर बसवताना एक चूक सहज घडू शकते आणि ती महागात पडते. जुन्या ॲल्युमिनियमच्या डब्यावरील काळी खूण ऋण टोक दाखवते, तर टँटलमवरील पट्टी धन टोक दाखवते. जुन्या खुणेच्या जागी नवी खूण जुळवली की कपॅसिटर उलटा बसतो, आणि उलटा बसलेला टँटलम जळू शकतो. पत्रकात ही सूचना आहे, पण दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात आहे. ती पहिल्या पानावर ठळक छापायला हवी होती.

सर्व बसवून वीज दिली. पट्ट्या गेल्या आणि त्या पुन्हा आलेल्या नाहीत. नाद मात्र इतका क्षीण होता की कान पेटीला लावल्याखेरीज कळेना. मागच्या जॅकमध्ये बाहेरचे स्पीकर लावून पाहिले, तर तेथेही आवाज तितकाच दबलेला होता, म्हणजे आतल्या स्पीकरचा दोष नव्हता. मग भिंगाखाली सोनीचे दोन्ही आयसी तपासले. एका आयसीचे तीन पाय हिरवट पडले होते आणि एका पायापासून निघणारा ट्रॅक (बोर्डावरील तांब्याची बारीक रेघ) सोल्डर-मास्कखाली, म्हणजे बोर्डावरच्या संरक्षक थराखाली, काळा झाला होता. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड सलग आहे का हे दाखवणाऱ्या स्थितीवर) ठेवून त्या ट्रॅकची दोन्ही टोके तपासली, तर तो मध्येच तुटलेला होता. फायबर-ग्लासच्या पेनाने तांबे उघडे केले, तुटलेली दोन टोके जोडणारा केसासारख्या तारेचा जंपर मारला आणि हिरवट पायांवर नवे सोल्डर चढवले. त्यानंतर जो नाद उमटला, तो शेजारच्या खोलीतून पत्नीने ऐकला आणि ती पाहायला आली.

म्हणून या संचाच्या जाहिरातीतील ‘आवाजाचा दोष हमखास जातो’ हे वाक्य मला अयोग्य वाटते. कपॅसिटर बदलल्याने झिरपणे थांबते आणि बंद पडलेला बोर्ड बऱ्याचदा उभाही राहतो, परंतु द्रवाने आधीच खाल्लेले तांबे संचातून भरून येत नाही. विक्रेत्याला मी हे कळवले तेव्हा पुढच्या आवृत्तीत ट्रॅक तपासण्याचा नकाशा घालू असे त्याने सभ्यपणे उत्तर दिले. सुट्या भागांचा दर्जा, पुड्यांवरील क्रमांक आणि 19 डॉलरची किंमत पाहता मी हा संच पुन्हा घेईन. ज्यांच्याकडे बारीक टोकाचे सोल्डरिंग आयर्न, चांगला फ्लक्स, भिंग आणि मल्टिमीटर आहे त्यांनी तो निश्चिंत मनाने घ्यावा. ज्यांनी यापूर्वी पृष्ठभागावरील सोल्डरिंग केलेले नाही, त्यांनी आधी एखाद्या निकामी बोर्डावर दहा-बारा कपॅसिटर काढून हात बसवावा. ज्यांचा एसई/30 अजून नीट वाजतो आहे, त्यांनीही आवाज बसण्याची वाट न पाहता तो या वर्षीच उघडावा, कारण माझ्या बोर्डावर तुटलेला तो ट्रॅक दोन-तीन वर्षांपूर्वी नुसत्या धुण्याने वाचला असता.