लायब्ररी लिस्ट : सोयीला पाच तारे, भरवशाला तीन

टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाने परवा विचारलं, "मॅडम, हा प्रोग्रॅम टेस्टची फाइल वाचतो की प्रॉडक्शनची? लायब्ररीचं नाव कुठे दिसतच नाही." (लायब्ररी म्हणजे फाइली ठेवायचा कप्पा, प्रॉडक्शन म्हणजे रोजच्या खऱ्या कामाचा डेटा.) दिसणार नाही. लिहिलेलंच नाही, आणि या मशीनवरची माझी सगळ्यात आवडती गोष्ट तीच आहे.

मी २००६ पासून पुण्यात बसून आरपीजी या भाषेत प्रोग्रॅम लिहितेय. आयबीएमच्या या सिस्टिमचं आजचं नाव आयबीएम आय, पण १९८८ पासूनचं एएस/४०० हेच नाव आमच्या तोंडी बसलंय. फाइल कुठे आहे ते हिला लायब्ररींच्या एका यादीवरून, म्हणजे लायब्ररी लिस्टवरून, कळतं. शोधायची तऱ्हा वाड्यातल्यासारखी. पहिल्या बिऱ्हाडापासून एकेका दारात "कुलकर्णी आहेत का?" विचारत जायचं, ज्या दारात पहिल्यांदा "हो" मिळेल तो आपला कुलकर्णी. पलीकडच्या दारात आणखी एक कुलकर्णी राहत असेल, त्याची चौकशी होत नाही. दारांचा क्रम ठरलेला : आधी सिस्टिमच्या लायब्ररी, मग प्रॉडक्टच्या, मग करंट लायब्ररी (सेशनसाठी ठरवलेली एक), शेवटी युजरच्या. युजरच्या भागात २५० मावतात (पूर्वी फक्त २५ होत्या, तेव्हा फार कसरत व्हायची).

म्हणजे एकच कंपाइल केलेला प्रोग्रॅम डेव्हलपमेंट, टेस्ट आणि प्रॉडक्शन तिन्हीकडे एक अक्षर न बदलता चालतो. यादी बदलली की डेटा बदलला. सोयीला पाचपैकी पाच.

आता भरवसा. ही यादी कोणत्या दारात "हो" मिळालं ते आपण होऊन सांगत नाही. एका जुन्या क्लायंटकडे टेस्टच्या यादीत सगळ्यात खाली प्रॉडक्शनची डेटा लायब्ररी ठेवलेली होती. का, तर टेस्टमध्ये एखादी फाइल नसेल तर प्रोग्रॅम अडू नये! मी मालाचे दर बदलणारा प्रोग्रॅम टेस्टला चालवला. किंमतींची मास्टर फाइल टेस्टमध्ये कुणी कॉपीच केली नव्हती. ती खालच्या दारात मिळाली, आणि माझे खोटे दर खऱ्या फाइलमध्ये जाऊन बसले. फाइलचं जर्नलिंग (प्रत्येक बदलाची नोंद) चालू होतं, बिफोर इमेजसकट, म्हणजे बदलाआधीच्या रूपासकट, म्हणून जर्नलमधून बदल मागे घेता आले. पण त्यासाठी फाइल कुणीच उघडलेली चालत नाही. भर दुपारी गोदामातल्या सगळ्यांना साइन-ऑफ करायला लावलं. त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

तेव्हापासून माझ्या कोणत्याही टेस्ट यादीत प्रॉडक्शनचं नाव नसतं. फाइल नाही म्हणून प्रोग्रॅम पडतोय? पडू दे, फाइल कॉपी करू.

दुसरी खोड सबमिट जॉबची, म्हणजे प्रोग्रॅम बॅचमध्ये (पडद्यामागे) चालवायला देणाऱ्या कमांडची. त्याची डीफॉल्ट सवय अशी की तुमच्या सेशनची त्या क्षणीची यादी उचलून बॅचमध्ये न्यायची. दुपारी काहीतरी बघायला ॲड-लिबलने (यादीत लायब्ररी घालायच्या कमांडने) वर चढवलेली लायब्ररी संध्याकाळच्या जॉबबरोबर गुपचूप जाते. शेड्यूलरवरचा (ठरल्या वेळी आपोआप चालणारा) जॉब मात्र जॉब डिस्क्रिप्शनमधली, म्हणजे जॉबच्या साठवलेल्या सेटिंगमधली, यादी घेतो. म्हणून "मी चालवला तर चालतो, रात्री पडतो" ही तक्रार आली की मी कोड उघडतच नाही, आधी दोन्ही याद्या शेजारी ठेवते. प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला एक जॉब डिस्क्रिप्शन, यादी तिच्यातच, हाताने काही चढवायचं नाही, हा आमचा नियम. डिस्क्रिप्शन बदलली तरी चालू जॉबना त्याचा पत्ता नसतो, हेही ध्यानात ठेवा.

आणि सेशनमध्येच यादी बदलून "झालं, आता मी टेस्टमध्ये आहे" असं समजू नका. आधी बोलावलेला प्रोग्रॅम एलआर (काम संपलं, फाइली बंद करा अशी आरपीजीतली खूण) न लावता परतला असेल तर त्याने जुन्या लायब्ररीतली फाइल उघडीच धरलेली असते. यादी टेस्ट दाखवते, लिखाण प्रॉडक्शनमध्ये होतं. सरळ साइन-ऑफ करून पुन्हा साइन-ऑन करा. अर्धं मिनिट जातं.

एसक्यूएलवाल्यांसाठी वेगळं : नेमिंगचा (नावं लिहायच्या पद्धतीचा) पर्याय 'सिस्टिम' ठेवला तरच नुसत्या टेबलाच्या नावासाठी यादी धुंडाळली जाते. 'एसक्यूएल' नेमिंगमध्ये डीफॉल्ट स्कीमा (लायब्ररीचंच एसक्यूएलमधलं नाव) बघितला जातो, आणि तो ठरवून दिला नसेल तर सहसा तुमच्या युजर प्रोफाइलच्याच, म्हणजे लॉगिनच्या, नावाचा. जावाच्या पोरांची निम्मी "टेबल सापडत नाही" इथलीच.

हल्ली मी व्हीएस कोड या एडिटरवर कोड फॉर आयबीएम आय हे फुकटचं एक्स्टेन्शन वापरते. यादी डाव्या बाजूला सतत समोर असते आणि एन्व्हायर्नमेंटगणिक यादीसकट प्रोफाइल साठवता येते. त्या मुलाला पहिल्याच दिवशी दोन प्रोफाइल करून दिल्या, डेव्हलपमेंटची आणि टेस्टची. प्रॉडक्शनची मुद्दाम नाही दिली.