पटाश्या ठेवायला स्वस्त सोय: पाइप, गुंडाळी की चुंबकपट्टी?

कोरीवकामाच्या पटाशीची धार लाकडात जितकी बोथटते, त्याहून जास्त डब्यात बोथटते. सगळ्या पटाश्या एका डब्यात खडखडत ठेवल्या की धारेला बारीक खांडे पडतात, आणि एक खांड काढायला दगडावर पाऊण तास जातो. म्हणून खाली प्रत्येक सोय दोनच प्रश्नांवर पारखली आहे. धार धातूला लागते का? आणि पावसाळ्यात गंज चढतो का?

पहिला नंबर निःसंशय वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाचा. इलेक्ट्रिकच्या दुकानात २५ मिमीचा पाइप ३ मीटरच्या लांबीत मिळतो. १६ सेंमीचे तुकडे पाडले तर एका पाइपात १८ बसतात, थोडा तुकडा उरतो. पटाशी धार खाली करून सोडायची. मूठ पाइपाच्या तोंडावर अडकते आणि पातं आत अधांतरी लटकतं. धार पाइपाच्या खालच्या टोकाच्या किमान १ सेंमी वर राहिली पाहिजे, म्हणून कापण्याआधी आपल्या सगळ्यांत लांब पात्याचं माप घ्या. हॅक्सॉने कापल्यावर आतली कडा पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर काढताना पातं तिथे घासतं.

पाइपाचा तळ उघडाच ठेवायचा. बूच बसवलं की आत भुसा साठतो, भुसा ओल धरतो आणि नेमका धारेपाशी गंज येतो. तुकडे ओळीत ठेवून पाइपाच्या सोल्युशनने एकमेकांना चिकटवा, मागे १२ मिमी प्लायची पट्टी आणि पुढून केबल टाय. पाइपाच्या आतून स्क्रू मारायचा मोह आवरा. स्क्रूचं डोकं आत राहतं आणि पटाशी काढताना धार त्यावरच आपटते. पाइपांची ही घडवंची टेबलापासून ३ सेंमी उचललेली हवी, म्हणजे भुसा खाली गळून जातो.

मर्यादा एकच, पण मोठी. २५ मिमीच्या पाइपाचं आतलं तोंड वीस-एकवीस मिमीचं, त्यामुळे १८ मिमीपेक्षा रुंद पातं आत अडखळतं. मोठ्या तोंडाचा पाइप घेतला तर मूठच आत घसरते. रुंद पटाश्यांसाठी फळीच्या कडेजवळ २२ मिमीचं भोक पाडून कडेपर्यंत १० मिमीची खाच कापा. पटाशीची मान खाचेतून आत सरकवायची आणि मूठ भोकात टेकवायची. पातं खाली उघडं लोंबतं, म्हणून समोर एक पट्टी ठोका. घरात लहान मूल असेल तर ती हवीच. फळी वाळलेली असावी. ताजी चिरलेली ओली फळी पोलादाला आठवड्याभरात डाग पाडते.

कॅनव्हासची गुंडाळी कामावर नेण्यापुरती उत्तम, कायमची साठवण म्हणून नाही. तयार गुंडाळ्यांमध्ये सगळे कप्पे एकाच मापाचे असतात आणि जाड मूठ त्यांत जाता जात नाही. शिवून घेतलेली बरी. २६ सेंमी लांबीच्या १२ पटाश्यांसाठी ६५ सेंमी रुंद आणि ५४ सेंमी लांब कापड पुरतं: पाठ २८, खालून वर दुमडलेला खिसा १०, वरून पडणारी झडप १४, बाकी शिवणीला. खिशाच्या शिवणींमध्ये ५ सेंमी अंतर. मूठ खिशात, धार वर, तिच्यावर झडप. उलट ठेवलं तर महिन्याभरात खिशाची शिवण कापली जाते. कोऱ्या कॅनव्हासला खळ असते आणि ती दमट हवेत ओल ओढते, त्यामुळे शिवण्याआधी कापड दोनदा धुवा. जुन्या जीन्सचं कापड चालतं, पण गोणपाट नको, त्याचे तंतू पात्याला चिकटतात.

चुंबकपट्टीचं कौतुक जरा जास्तच होतं. फोटोत ती छान दिसते, एवढं खरं. सपाट पटाशी आणि कोरणीच्या सुऱ्या तिच्यावर नीट बसतात. गोल पटाशीची पाठ मात्र पट्टीला एका रेषेतच टेकते, मुठीच्या वजनाने ती फिरते आणि शेजारच्या पात्यावर जाते. शिवाय पात्यात चुंबकत्व उतरलं की धार लावताना निघालेला पोलादी चुरा धारेलाच चिकटून राहतो. वापरायचीच तर सुरीची पाठ आधी टेकवून मग पातं आडवं करावं, आणि काढताना उलट क्रमाने.

धारेच्या टोप्यांना पैसे घालवू नका. गवंडी वापरतात त्या पारदर्शक लेव्हल पाइपाचे ३ सेंमीचे तुकडे गरम पाण्यात दोन मिनिटं मऊ करा आणि कोरडे पुसून पात्यावर चढवा. आत हवा कोंडते, तेव्हा आधी पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा. जवसाचं तेल नको, ते सुकून चिकट थर धरतं.

जून ते सप्टेंबर कोकणात किंवा मुंबईत घडवंची उघड्यावर असेल तर आठवड्याला तेलाचं फडकं लागणारच. रोज काम नसेल तर पटाश्या टोप्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असं समजा. १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोनेक तास तापवले की पुन्हा निळे होतात. स्वयंपाकाच्या भांड्यात मात्र ते तापवू नका.

पाइपात पातं दिसत नाही, म्हणून मुठीवर वक्रतेचा क्रमांक आणि रुंदी लिहावीच लागते, उदाहरणार्थ ७/१४. पात्याची वक्रता क्रमांकाने सांगणाऱ्या, इंग्लंडमधल्या शेफील्डच्या यादीत ३ म्हणजे जवळजवळ सपाट, ९ म्हणजे अर्धवर्तुळ. मुठीच्या डोक्यावर लिहिलं तर मोगरीच्या ठोक्यांनी पुसतं. डोक्याखाली दोन बोटांवर, बाजूला, नेलपॉलिशने लिहा.