ट्रेडमिल की सायकल? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तो घरातच करायचा, तर बहुतेकांचे घोडे ट्रेडमिल आणि स्थिर सायकल यांच्यात अडते.

ट्रेडमिलवर आपण चालतो, त्यामुळे नवे काही शिकावे लागत नाही. शरीराचा भार पायांवर पडतो, हाडांसाठी ते चांगलेच. पण पहाटे धावलात, तर प्रत्येक पावलाचा दणका खालच्या घरात पोचतो. जाड रबरी मॅट टाकूनही तो पुरता जात नाही. पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल सोडावे लागते. वीज गेली की व्यायाम थांबला. आणि घरात लहान मूल असेल, तर काम झाल्यावर सेफ्टी की, म्हणजे जिच्याशिवाय पट्टा सुरूच होत नाही ती किल्ली, काढून उंचावर ठेवाच. फिरत्या पट्ट्यात बोटे सापडली तर इजा गंभीर होते.

चुंबकीय रेझिस्टन्सची, म्हणजे चुंबकाच्या जोरावर पेडल जड-हलके करणारी सायकल फारसा आवाज करत नाही, जागाही कमी घेते. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी मी हीच सुचवेन, तीही पाठीला टेकू असलेली. सीट मात्र नीट लावा: पेडल सर्वांत लांब गेल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे.

ट्रेडमिल घ्यावी ती धावण्याची खरी ओढ असणाऱ्याने, शक्यतो तळमजल्यावर. बाकीच्यांना माझे मत सायकलच.